तीन लढाया आणि एक मेन्यूकार्ड

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात टॅम्पा नावाचं शहर आहे. त्याच्या वेस्ट टॅम्पा भागातून कोलंबस ड्राइव्ह हा रस्ता जातो. नकाशावर कोलंबस, पण गावातले जुने लोक त्याला ‘बोलिचे बुलेव्हार्ड’ म्हणतात. बोलिचे हा खायचा पदार्थ. मांसाच्या अख्ख्या तुकड्याला मधोमध भोक पाडायचं, त्यात चोरीसो हे सॉसेज ठासायचं, मंद आचेवर तासन्‌तास शिजू द्यायचं आणि चकत्या कापून रश्श्यासकट वाढायचं. समुद्र पार करून आलेल्या दर्यावर्द्याला एका रश्श्याने हरवलं, आणि त्यासाठी महापालिकेत एकही सभात्याग झाला नाही.

या भागातली खाण्याची ठिकाणं दिसायला अगदीच साधी असतात. शेजारी टायरवाला, पलीकडे लाँड्री, मधे बुटकी इमारत आणि समोर चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. आत फॉर्मायकाची टेबलं, काउंटरपुढे उंच स्टुलं. पाटीवर लिहिलेलं असतं ‘क्यूबन अँड स्पॅनिश’. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण जरा इतिहास आठवा. स्पेनच्या जोखडातून सुटण्यासाठी क्यूबाने १८६८ ते १८९८ या तीस वर्षांत तीन लढाया केल्या. गावंच्या गावं उठवली गेली, उसाचे मळे जाळले गेले. मग हे दोघं एकाच पाटीवर, एकाच मेन्यूकार्डावर गुण्यागोविंदाने कसे काय नांदतात? उत्तर स्वयंपाकघरात आहे, म्हणून आपण थेट तिथेच शिरू.

बाप तिकडचा, लेक इकडचा

क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा महानायक होसे मार्ती. त्याचे वडील स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे, आई स्पेनच्याच ताब्यातल्या कॅनरी बेटांवरची. फिडेल कॅस्ट्रोचे वडील आंखेल हे स्पेनच्या गालिसिया प्रांतातले. ते क्यूबात पहिल्यांदा आले तेच मुळी स्पॅनिश सैनिक म्हणून, क्यूबन बंडखोरांशी लढायला. लढाई स्पेन हरला, आंखेल परत गेले, पण मन तिकडे रमेना. पुन्हा क्यूबात आले, जमीनजुमला केला, आणि त्यांच्या पोराने पुढे काय केलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

ही काही दोन घरांची गंमत नव्हे. स्पेनची सत्ता गेली, त्यानंतरच्या तीसेक वर्षांत लाखो स्पॅनिश माणसं पोटासाठी क्यूबात उतरली. राज्य गमावल्यावर गर्दी वाढली! म्हणून या हॉटेलांत ‘काल्दो गायेगो’ मिळतं: गालिसियाचं सूप, पांढरा घेवडा, पालेभाजी, बटाटा आणि डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेलं. थंडगार, पावसाळी गालिसियात ते अंगात ऊब यावी म्हणून पितात. टॅम्पाच्या घामट दुपारीही लोक वाडगाभर मागवतात. सवयीपुढे हवामानाचं काही चालत नाही.

दुसरं उदाहरण काबुली चण्याच्या सुपाचं. स्पेनमध्ये कोसिदो या पदार्थात आधी रस्सा, मग चणे आणि भाज्या, मग मांस, असं टप्प्याटप्प्याने वाढायची रीत आहे. टॅम्पाला पोहोचेपर्यंत एवढे सोपस्कार करायला वेळ कुणाला होता? चणे, बटाटे, चोरीसो, हॅम, सगळं एका वाडग्यात आलं. कामगारांच्या वस्तीत जेवणाची सुट्टी जेवढी, तेवढीच त्याची रीतही.

वाचणारा वर, वळणारे खाली

कसले कामगार? सिगारचे. व्हिसेंते मार्तिनेस ईबोर हा व्हॅलेन्सियात जन्मलेला, क्यूबात सिगारचा धंदा उभारलेला आणि तिथल्या धामधुमीमुळे फ्लोरिडात आलेला कारखानदार. १८८५-८६ च्या सुमारास त्याने टॅम्पाजवळच्या झाडोऱ्यात कारखाना काढला, कामगारांसाठी लहान लाकडी घरं बांधली, आणि ईबोर सिटी उभी राहिली. हवानाहून बोटीने तंबाखू यायची, इथे हाताने सिगार वळली जायची. १९२९ च्या सुमारास टॅम्पात वर्षाला जवळजवळ ५० कोटी सिगार वळल्या जात होत्या.

या कारखान्यांतली सगळ्यात अफलातून नोकरी म्हणजे ‘लेक्तोर’, म्हणजे वाचणाऱ्याची. शेकडो माणसं मान खाली घालून पानं वळताहेत आणि उंच मचाणावर बसून एकजण खणखणीत आवाजात वाचतोय. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. सर्व्हांतेस, झोला, व्हिक्टर ह्यूगो, काहीही. त्याचा पगार मालक नाही, कामगार द्यायचे, आपल्या आठवड्याच्या मजुरीतून नाणी बाजूला काढून. कादंबरी कुठली घ्यायची हेही तेच ठरवायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ह्यूगोच्या पात्रांवर वाद घालायचे. मालकांना हे फार दिवस मानवलं नाही. वाचणारा कामगारांच्या डोक्यात भलतंसलतं भरवतो, असं म्हणत १९३१ मध्ये टॅम्पातल्या कारखान्यांनी लेक्तोर बंद केले आणि मचाणं पाडली. पुढे तिथे रेडिओ आले. रेडिओ संप करा म्हणून सांगत नाही, ही त्याची मोठीच सोय.

हे चित्र भारतात अगदी अनोळखी नाही. केरळात कण्णूरकडच्या विडी कारखान्यांत कामगार आपसांत पैसे काढून वर्तमानपत्र वाचणारा ठेवायचे. हात गुंतलेले, कान मोकळे, हा हिशेब दोन्हीकडे एकच. नीलो क्रूस या क्यूबन-अमेरिकन नाटककाराने ईबोर सिटीतल्या लेक्तोरवर नाटक लिहिलं आणि त्याला २००३ चं पुलित्झर मिळालं. आणि व्हिक्तोरियानो मान्तेइगा या लेक्तोरने १९२२ मध्ये ‘ला गासेता’ हे वर्तमानपत्र काढलं. स्पॅनिश, इंग्रजी आणि इटालियन अशा तीन भाषांत ते निघत आलंय.

इटालियन कुठून आले मधेच? थांबा, सँडविच येतंय.

सँडविचवर ठराव

क्यूबन सँडविचची रचना अशी: लांब पाव आडवा चिरायचा. आत हॅम, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि पिवळी मोहरी. वरून बटरचा हात फिरवायचा आणि दोन तापलेल्या जाड लोखंडी पाट्यांमध्ये दाबून धरायचं. पाव चपटा होतो, वरचा पापुद्रा काचेसारखा कडक होतो, चीज वितळून सगळ्यांना चिकटवून ठेवतं. मग एक तिरपा छेद. त्या छेदात एकावर एक थर दिसले पाहिजेत. घोळ दिसला तर समजावं, बनवणारा नवखा आहे.

आता खरा वाद. टॅम्पाच्या सँडविचमध्ये आणखी एक थर असतो, जेनोआ सलामीचा. ईबोर सिटीत क्यूबन आणि स्पॅनिश लोकांच्या शेजारी सिसिलीहून आलेले इटालियन राहायचे, त्यातले कितीतरी एकाच सान्तो स्तेफानो क्विस्क्विना या डोंगरी गावाचे. तेही सिगार वळायला शिकले, दुकानं काढली. सलामी त्यांच्याकडून आली, असं टॅम्पाकर मोठ्या अभिमानाने सांगतात. मायामीकर म्हणतात, सलामी घातली की ते क्यूबन राहिलंच कुठे? मायामीत क्यूबन लोक मोठ्या संख्येने आले ते १९५९ च्या क्रांतीनंतर. तोवर टॅम्पाची सलामी दोन पिढ्यांच्या पोटात जिरलेली होती.

वाद इतका पेटला की २०१२ मध्ये टॅम्पाच्या नगर परिषदेने रीतसर ठराव करून ‘हिस्टॉरिक टॅम्पा क्यूबन सँडविच’ला शहराचं अधिकृत सँडविच म्हणून जाहीर केलं, सलामीसकट. त्याच वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत बराक ओबामा वेस्ट टॅम्पातल्या एका साध्याशा सँडविचच्या दुकानात शिरले आणि मध लावलेलं क्यूबन घेऊन गेले. मतांसाठी माणूस काहीही खातो हे खरं, पण इथे नशीब त्यांच्या बाजूने होतं.

माझं मत विचाराल तर सलामी हवीच. तिची मिरी आणि आंबटपणा नसेल तर हॅम आणि पोर्क एकमेकांत विरघळून जातात. मात्र टोमॅटो, लेट्यूस, मेयोनीज असलं काही मागू नका. जुन्या टॅम्पाकराच्या दृष्टीने तो अपराधच आहे, आणि गरम पाट्यांमध्ये लेट्यूसचं जे होतं ते पाहता त्याचं चुकत नाही.

हवानाच्या सँडविचांत आणखी एक वल्ली आहे, ‘एलेना रूस’. टर्की, क्रीम चीज आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. हवानातल्या एका बड्या घरच्या मुलीने हॉटेलात हा प्रकार पुन्हापुन्हा मागितला, शेवटी तिच्याच नावाने तो कार्डावर चढला. ऐकायला विचित्र वाटतो, खाल्ल्यावर मत बदलतं.

दारावरचा खिळा

सँडविचच्या पावाची वेगळी कथा आहे. टॅम्पाचा क्यूबन पाव हातभरापेक्षा मोठा, जवळपास तीन फूट लांब. ईबोर सिटीत ‘ला सेगुंदा’ ही बेकरी १९१५ पासून तो भाजते आहे. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक पावाच्या पाठीवर पाल्मेटो या बुटक्या ताडाच्या पानाची ओली पट्टी लांबीभर ठेवतात. इतर बेकऱ्यांत पावाला ब्लेडने चीर देतात, इथे ते काम पान करतं. पानाखालचा भाग ओलसर राहतो, भट्टीत पाव फुगला की नेमका त्याच रेषेवर उलतो आणि पाठीवर एक सुबक भेग पडते. पाव घरी आला की ते करपलेलं पान आधी ओढून काढायचं, मग सुरी चालवायची. पहिल्यांदा आलेला पाहुणा बऱ्याचदा पानासकट चावा घेतो आणि शेजारच्या टेबलाची करमणूक होते.

जुन्या काळी हा पाव घरोघर पोहोचवला जायचा. वाटणारा पहाटे यायचा आणि दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या खिळ्याला पाव खोचून पुढे जायचा. हाक नाही, घंटा नाही. घरातली माणसं उठली की दार उघडून खिळ्यावरचा पाव उतरवायची. जमिनीवर ठेवला असता तर मुंग्यांनी आणि कोंबड्यांनी आधी नाश्ता केला असता.

कोंबड्या म्हणजे खऱ्याखुऱ्या कोंबड्या. जुन्या कुटुंबांनी परसात पाळलेल्या कोंबड्यांची पिलावळ ईबोर सिटीच्या रस्त्यांवर आजही मोकाट हिंडते. त्यांना त्रास द्यायला मनाई आहे. बाहेरच्या टेबलावर तुम्ही ‘आर्रोस कोन पोयो’, म्हणजे कोंबडीभात, मागवलात तर पायाशी एखादा तुरेवाला येऊन उभा राहू शकतो. नजर मिळवू नये हे बरं.

संपातला खेकडा, स्वारांचा भात

१९२० मध्ये टॅम्पाच्या सिगार कामगारांनी दहा महिने संप केला. चुली थंडावल्या, पण खाडीत निळे खेकडे होते आणि घरात शिळा पाव होता. शिळ्या पावाचा चुरा भिजवून मळायचा, आत टोमॅटोत परतलेलं खेकड्याचं झणझणीत सारण भरायचं, लांबट गोळा करून तळायचा. ‘डेव्हिल क्रॅब’चा जन्म याच संपात झाला असं ईबोरमध्ये सांगतात. फेरीवाले तो गरमागरम विकत फिरायचे. आजही साध्या हॉटेलाची पारख करायची असेल तर हाच मागवा: बाहेरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत, आत खेकडा भरपूर. नुसताच पावाचा लगदा लागला तर कॉफी पिऊन उठा.

दुसरी दंतकथा १८९८ ची. क्यूबात स्पेनशी लढायला निघालेली अमेरिकन फौज टॅम्पाच्या बंदरातून बोटीत चढणार होती. थिओडोर रूझवेल्ट यांचे घोडेस्वार गावात तळ ठोकून होते. त्यातलं एक टोळकं म्हणे झिंगून घोड्यांसकट ईबोरच्या ‘लास नोव्हेदादेस’ हॉटेलात घुसलं. गावकऱ्यांनी त्या स्वारीला नाव दिलं, ‘पिवळ्या भाताच्या पलटणीचा हल्ला’.

तो पिवळा भात मात्र दंतकथा नाही, तो तर रोजचा. स्पेनमध्ये त्याला केशराचा रंग देतात. केशर परवडायचं कुणाला? म्हणून क्यूबन घरात ‘बिजोल’ची डबी असते. त्यातला रंग येतो शेंद्रीच्या बियांतून. शेंद्रीचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्याकडेही बागांतून दिसतं. लाल काटेरी बोंडांची तीच ती शेंद्री.

तिखट मागू नका

अमेरिकेतल्या बहुतेकांना आणि आपल्यातल्याही अनेकांना वाटतं की क्यूबन म्हणजे मेक्सिकनच्या जवळपासचं, म्हणजे मिरची ठेचून घातलेली असणार. साफ चूक. क्यूबन स्वयंपाकाला तिखटाचं वावडं आहे. फोडणीचं काम ‘सोफ्रितो’ करतं: तेलात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची हळूहळू परतायची, वर टोमॅटो, तमालपत्र, ओरेगानो आणि जिरं. जिरं भरपूर! घेवड्याच्या वाटीतून जिऱ्या-लसणाचा वास आला की मराठी माणसाचे खांदे आपोआप सैल पडतात. मग तो मिरची मागतो आणि वेटर टेबलावर हॉट सॉसची बाटली आणून ठेवतो. मागायला हरकत नाही, पण आधी दोन घास तसेच खाऊन बघा.

या ताटाची खरी गंमत मुळांत आहे. भात आशियाचा. ऊस न्यू गिनीचा, त्याची साखर करण्याचं तंत्र भारतात विकसित झालं. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांतून उसाच्या कांड्या कॅरिबियनला नेल्या. केळी आग्नेय आशियाची. १५१६ मध्ये एका स्पॅनिश धर्मगुरूने तीही कॅनरी बेटांतूनच तिकडे नेली. आंबट संत्रं आशियाचं, कॉफी आफ्रिकेची, डुक्कर आणि गाय स्पॅनिश जहाजांतून आलेली. म्हणजे ज्याला आपण अस्सल क्यूबन ताट म्हणतो, त्यातलं निम्म्याहून अधिक जगाच्या या बाजूचं.

आता एकादशीच्या ताटाकडे बघा. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या परिसरात. कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. खिचडीतलं तूप-जिरं सोडलं तर सगळा उपास अटलांटिकपलीकडचा! क्यूबन हॉटेलात तोच कसावा ‘युका’ नावाने येतो: उकडलेला, चिवट, पांढरा, वर लसूण आणि आंबट संत्र्याचा गरम ‘मोहो’ ओतलेला. चिमटा काढला की धागे निघतात. लसूण वगळायला सांगितलंत तर उपासालाही चालावा, बाकी ज्याचा त्याचा शास्त्रार्थ.

केळ्यांचे दोन प्रकार हमखास घ्या. कच्च्या केळीचे ‘तोस्तोनेस’: जाड चकत्या तळायच्या, बाहेर काढून चपट्या ठेचायच्या, पुन्हा तळायच्या. पिकून साल काळी पडलेल्या केळीचे ‘मादुरोस’: कडा जळाल्यासारख्या, आत गोड लोणी. एकाच झाडाची फळं आहेत यावर विश्वास बसत नाही.

आणि भात-घेवडा. काळा घेवडा आणि पांढरा भात एकत्र शिजवला की त्याला ‘मूर आणि ख्रिस्ती’ म्हणतात. स्पेनमधल्या काही शतकांच्या धर्मयुद्धाची आठवण एका वाफाळत्या भातात आणून ठेवली, आणि वर तळलेला कांदा.

शाकाहाऱ्यांनो, जरा जपून

इथे ‘व्हेज’ म्हणून विचारलंत की वेटर हसून भात आणि घेवडा दाखवेल. पण घेवड्यात बऱ्याचदा हॅमचं हाड शिजलेलं असतं, पिवळा भात कोंबडीच्या रश्श्यात फुललेला असतो आणि क्यूबन पावाच्या कणकेतच डुकराची चरबी मळलेली असते. साधा पांढरा भात, युका, केळ्यांचे दोन्ही प्रकार आणि अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाडजूड स्पॅनिश ऑम्लेट, एवढ्यावर पोट भरतं. तळणाचं तेल कशाकशाला वापरलंय हे मात्र विचारून घ्या.

गाय मारली तर तुरुंग

क्यूबन मेन्यूकार्डाचा मानबिंदू म्हणजे ‘रोपा विएहा’: बीफ शिजवून, तंतू-तंतू सुटे करून, ढोबळी मिरची आणि टोमॅटोत मुरवलेलं. मजा अशी की खुद्द क्यूबात हा पदार्थ दशकानुदशकं सामान्य माणसाच्या ताटातून गायब आहे. तिथे सरकारी परवानगीवाचून गाय मारणं हा तुरुंगात टाकणारा गुन्हा, मग गाय तुमच्या स्वतःच्या गोठ्यातली का असेना. कारण धर्माचं नाही, टंचाईचं. गुरं कमी, दूध मुलांसाठी राखून ठेवायचं. २०२१ मध्ये नियम थोडे सैल झाले, पण अटी भरपूर. परिणामी राष्ट्रीय म्हणवला जाणारा पदार्थ हवानापेक्षा टॅम्पा-मायामीत सहज मिळतो. गाव सोडून गेलेल्यांनीच गावची चव जपावी, हे तसं परदेशातल्या प्रत्येक मराठी मंडळाला माहीत असलेलं प्रकरण आहे.

गोटी गार का लागली?

या हॉटेलांच्या जुन्या कॅफे-भावंडांत कॉफीबरोबर आणखी एक गोष्ट मिळायची, ‘बोलिता’चा आकडा. एक ते शंभर आकड्यांच्या गोट्या पिशवीत भरायच्या, पिशवी हवेत फेकायची, झेलणाऱ्याच्या हाती जी लागेल ती विजेती. आपल्या मटक्याचा थेट मावसभाऊ. बेइमानीही त्याच तोडीची: ठरलेली गोटी आधी बर्फात ठेवायची, म्हणजे झेलणाऱ्याला पिशवीवरूनच गारवा कळतो. टॅम्पाचा बोलिताचा बादशहा चार्ली वॉल चांगल्या खानदानी घरातला होता. १९५५ मध्ये त्याचा त्याच्या घरातच खून झाला आणि खुनी शेवटपर्यंत सापडला नाही. मोठमोठे पुढारी याच पैशावर निवडून यायचे, असं लोक उघड बोलायचे.

पाटी इथे कशी आली

ईबोर सिटी एवढी रंगीत, मग हॉटेलं वेस्ट टॅम्पातल्या टायरवाल्याशेजारी का? कारण १९६० च्या दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली ईबोरच्या लाकडी घरांवर बुलडोझर फिरला आणि महामार्गाने वस्ती मधोमध चिरली. माणसं पश्चिमेकडे सरकली, चुली त्यांच्यामागून गेल्या. याच तडाख्यात कृष्णवर्णीय क्यूबन लोकांच्या ‘मार्ती-मासेओ’ संस्थेची जुनी इमारत १९६५ मध्ये पडली. स्वातंत्र्यासाठी खांद्याला खांदा लावून लढलेल्या गोऱ्या आणि काळ्या क्यूबनांना फ्लोरिडाच्या वर्णभेदाने वेगवेगळ्या क्लबांत बसायला लावलं होतं, ही या सगळ्या चविष्ट गोष्टींतली कडू बी.

म्हणून पाउलीना पेद्रोसोचं नाव घ्यायलाच हवं. ही कृष्णवर्णीय क्यूबन बाई ईबोरमध्ये खानावळ चालवायची. मार्ती टॅम्पात निधी गोळा करायला यायचा. १८९२ मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाल्यावर त्याने मुक्काम तिच्याकडे हलवला. त्याच्या जेवणाची जबाबदारी तिची, आणि रात्री तिचा नवरा दाराशी आडवा झोपायचा. ती खानावळ उभी होती त्या जागेवर आज मार्तीच्या नावाची छोटी बाग आहे. १९५६ पासून ती जागा कागदोपत्री क्यूबा सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे टॅम्पात जेवून, पासपोर्ट न दाखवता, चार पावलं क्यूबात टाकता येतात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना इतक्या लांब यायची गरज नाही. जर्सी सिटीच्या उत्तरेला, हडसन नदीजवळ युनियन सिटी आहे. तिथल्या बर्गनलाइन अव्हेन्यूवर क्यूबन वस्तीने अशीच साधी हॉटेलं वसवली.

फेस, मग पेरू

कॉफीचं गुपित साखरेत आहे. यंत्रातून गळणारे पहिले काही थेंब, सगळ्यात काळे आणि घट्ट, ते सोडत नाहीत. साखरेवर घेतात आणि चमच्याने फेटत सुटतात. मातकट लगदा हळूहळू फिकट होतो, फुलतो, लोण्यासारखा सरसरतो. त्यावर उरलेली कॉफी ओतली की तो फेस वर तरंगतो. याला म्हणतात ‘एस्पुमिता’. मायामीत हॉटेलांच्या भिंतीला खास खिडकी असते, रस्त्यावर उभं राहूनच कॉफी घ्यायची. तिथे ‘कोलादा’ मागितलीत तर एक मोठा कप आणि सोबत अंगठ्याएवढे पाच-सहा पेले येतात. तो एकट्याने प्यायचा नसतो. प्यायलात तर रात्री छताचे पंखे मोजत बसाल.

टॅम्पात मात्र सकाळ ‘काफे कोन लेचे’ची. गरम दूध, कडक कॉफी, आणि बटर लावून दाबलेल्या पावाच्या लांब पट्ट्या. त्या कपात बुडवायच्या असतात, आणि कुणीही तुमच्याकडे बघत नाही.

गोडात फ्लान आहेच, पण मी पेरू घेईन. पेरूच्या गराचा साखरेत आटवलेला लालबुंद घट्ट तुकडा, सोबत पांढऱ्या चीजची चकती. नाहीतर दोन्ही पापुद्र्याच्या पेस्ट्रीत भरलेले. गोव्याच्या माणसाला हे दाखवलं तर तो म्हणेल, हे तर आमचं ‘पेराद’! बरोबर ओळखलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये क्विन्स या फळाचा असाच घट्ट गर करून चीजबरोबर खातात. समुद्र ओलांडून गेलेल्यांना उष्ण मुलखात क्विन्स मिळेना, तेव्हा स्पॅनिशांनी हवानात आणि पोर्तुगीजांनी गोव्यात पेरूला कामाला लावलं. एकाच आजीच्या पाककृतीची नातवंडं, एक कॅरिबियन समुद्राकाठी आणि दुसरं अरबी समुद्राकाठी. चोरीसो आणि गोव्याचं चोरीस, यांचंही तेच नातं.

जेवणानंतर सिगार ओढणारे ओढतात. टॅम्पात जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या कारखान्यात आजही सिगार बनते, पण क्यूबन पानाची नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडींनी क्यूबाशी व्यापार बंद केला आणि हवानाची तंबाखू टॅम्पाच्या बंदरात यायची थांबली. केनेडी स्वतः क्यूबन सिगारचे शौकीन. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगून टाकलं, की हुकमाच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना हजारभर ‘पेटिट अपमन’ सिगार जमवायला पिटाळलं होतं. सॅलिंजर १२०० घेऊन आले. सकाळी केनेडींनी आकडा ऐकला, टेबलाचा खण उघडला, आणि हुकमावर सही केली. टॅम्पाच्या कारखानदारांना अशी आगाऊ खबर कुणी दिली नव्हती.